आजच्या दिवसापुरतं

आषाढ संपत आला की मुंबईच्या उपनगरांत एक लगबग सुरू होते. घाटकोपर, भांडुप, मालाड, बोरिवली, कुठल्याही स्टेशनाबाहेर पडा. वाइन शॉपसमोर रांग आणि मटणाच्या दुकानासमोर त्याहून मोठी रांग. पंचांगात ही दीप अमावस्या, घरातले दिवे घासूनपुसून पुजायचा दिवस. बोलण्यात मात्र तिचं नाव गटारी. दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो आणि एरवी रोज संध्याकाळी 'बसणारी' कितीतरी माणसं महिनाभर बाटलीला हात लावत नाहीत. काहीजण त्याला जोडून गणपतीचे दिवसही पाळतात.

या पाळण्याबरोबर एक वाक्य घराघरांत ऐकू येतं. बायको काही बोलली, मुलगी रडली, की उत्तर तयार असतं : "मी बेवडा असतो तर श्रावण पाळला असता का?"

व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्यांना हे वाक्य चांगलं ओळखीचं आहे. त्यात लबाडी नसते. माणूस खरोखरच महिनाभर थांबतो. पण त्यानं तीस दिवसांचं टार्गेट घेतलेलं असतं, बोटांवर दिवस मोजलेले असतात, आणि टार्गेट पुरं झालं की आपल्याला बक्षीस मिळायला हवं हेही मनात पक्कं असतं. ते बक्षीस मुदत संपल्यावर पहिल्याच संध्याकाळी ग्लासात ओतलं जातं.

दारू सुटणं म्हणजे इच्छाशक्तीची लढाई जिंकणं, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. 'मनावर घेतलं तर काय अवघड आहे?' असं नातेवाईक सहज बोलून जातात. ज्यांची दारू सुटली आणि वर्षानुवर्षं सुटलेली राहिली, त्यांचा अनुभव वेगळा आहे. जिंकायचा हट्ट सोडला तेव्हा सुटली, असं ते सांगतात. आणि दारूबरोबर आणखी एक गाठोडं खाली ठेवावं लागलं, असंही सांगतात. साहेब व्हायचं होतं, भावकीला दाखवून द्यायचं होतं, चाळीतल्या शेजाऱ्यांनी मान वर करून पाहावं अशा टॉवरमध्ये राहायचं होतं, अशा इच्छांचं ते गाठोडं. त्याचा दारूशी काय संबंध, हा प्रश्न कुणालाही पडेल.

मराठी रंगभूमीनं तो संबंध शंभर वर्षांपूर्वीच दाखवला आहे. राम गणेश गडकरींचं 'एकच प्याला' १९१९ साली रंगमंचावर आलं. गडकरी त्याच वर्षी जानेवारीत गेले होते. बालगंधर्वांची सिंधू सगळ्यांना ऐकून तरी माहीत असते. पण तिचा नवरा सुधाकर पहिला पेला का घेतो, हे बऱ्याचदा विसरलं जातं. सुधाकर चैनीसाठी पीत नाही. तो हुशार, मानी वकील आहे. न्यायालयात त्याचा अपमान होतो, सहा महिन्यांसाठी सनद जाते, आणि ती आग विझवायला नाटकातला दारुडा तळीराम पेला पुढे करतो. दारू त्या घरात शिरते ती दुखावलेल्या मोठेपणाच्या दारातून. मध्येच सुधाकर सावरतो, दारू सोडून काम शोधायला बाहेर पडतो, पण जुनी प्रतिष्ठा त्याला परत मिळत नाही, आणि तो पुन्हा बाटलीकडे वळतो. गडकरींनी व्यसनाचा हा भाग इतक्या अचूकपणे पकडला होता, की आजही समुपदेशकाला सुधाकर समोर बसलेला दिसावा.

सुधाकरनंतर सोळा वर्षांनी, अमेरिकेतल्या ॲक्रन नावाच्या शहरात, जवळपास असाच एक माणूस हॉटेलच्या लॉबीत येरझाऱ्या घालत होता. त्याचं नाव बिल विल्सन. लहानपणी आजोबा त्याला म्हणाले होते की ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींशिवाय बूमरँग कुणाला जमत नाही. पोरगा पेटून उठला. सहा महिने तो लाकडं तासत राहिला, शेवटी स्वतःच्या पलंगाची फळी कापली आणि बूमरँग बनवून दाखवलं. पहिला नंबर आपलाच, ही भूक तेव्हापासूनची, असं तो पुढे स्वतःच सांगायचा. शेअर बाजारात त्यानं पैसा केला, तो १९२९च्या पडझडीत गेला, आणि दारूनं उरलंसुरलं नेलं. डिसेंबर १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्यावर त्याची दारू थांबली. पाच महिन्यांनी तो ॲक्रनला गेला तो पुन्हा मोठं व्हायला : एका कंपनीचा ताबा मिळवण्याच्या लढाईत. ती लढाई हरली. खिशात जेमतेम पैसे, समोर हॉटेलचा बार. त्या संध्याकाळी त्यानं बारमध्ये जाण्याऐवजी शहरातल्या चर्चना फोन लावायला सुरुवात केली. त्याला पैसा नको होता, सल्ला नको होता. बोलायला दुसरा एखादा दारुडा हवा होता. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाची भेट झाली. डॉ. बॉबनी शेवटचा पेला घेतला तो १० जून १९३५ रोजी, आणि तोच दिवस 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस', म्हणजे ए.ए., या संघटनेचा स्थापना दिवस मानला जातो.

इथवरची गोष्ट बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते. पुढचा भाग आपल्या विषयासाठी जास्त मोलाचा आहे. दारू सुटली तरी विल्सनची मोठं होण्याची भूक सुटली नव्हती. तिनं फक्त कपडे बदलले होते. आता त्याला ए.ए.ची रुग्णालयं काढायची होती, पगारी प्रचारक नेमायचे होते. ज्या रुग्णालयात तो बरा झाला त्याच्या मालकानं त्याला नोकरी आणि नफ्यात वाटा देऊ केला, तेव्हा तो आनंदानं घरी आला. त्याच्या गटातल्या साध्या माणसांनी, ज्यांची दारू त्याच्याच मदतीनं सुटली होती त्यांनी, ते ऐकून घेतलं आणि नको म्हणून सांगितलं : पैशासाठी हे काम केलं तर कामाचा जीव जाईल. विल्सननं ऐकलं. नंतर रॉकफेलर या धनाढ्याकडे मदत मागितली तर त्यानंही जपूनच पैसे दिले आणि जास्त पैशानं हे काम बिघडेल असं कळवलं. पुढे येल विद्यापीठाची मानद पदवी चालून आली. ती त्यानं नाकारली. 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर यायलाही नकार दिला. हे सगळं एका रात्रीत जमलेलं नाही. एकेक हवंसं वाटणारं त्याला दुखत-खुपत सोडावं लागलं.

विल्सनवर उपचार करणाऱ्या हॅरी टिबाउट या मानसोपचारतज्ज्ञानं या सोडण्याचा अभ्यास केला. १९४० आणि १९५०च्या दशकांत लिहिलेल्या निबंधांत त्यानं दोन गोष्टींत फरक केला. एक असतं वरवरचं ऐकणं. डॉक्टर म्हणतात म्हणून, बायको माहेरी जाईल म्हणून माणूस मान डोलावतो. आत मात्र 'बघू पुढे' चालू असतं. दुसरी असते शरणागती, जिथे आतला वाद मिटतो. टिबाउटला व्यसनी माणसाच्या आत एक हट्टी बाळराजा दिसला : मला हवं ते हवं, आत्ता हवं, आणि माझ्याच पद्धतीनं हवं. दारू थांबली तरी बाळराजा सिंहासनावरून उतरत नाही. तो कधी नोकरीत, कधी घरात, कधी देवळाच्या कमिटीत राज्य मागतो. न पिताही जुन्याच रागात आणि जुन्याच हव्यासात जगणाऱ्या माणसाला ए.ए.मध्ये 'ड्राय ड्रंक' म्हणतात. शब्द इंग्रजी आहे, पण अशी माणसं आपल्या प्रत्येकाच्या नात्यात निघतील.

ए.ए. भारतात १९५७ साली आलं आणि मुंबई हे त्याच्या पहिल्या शहरांपैकी एक. आज उपनगरांतल्या चर्चच्या हॉलमध्ये, शाळांच्या वर्गांत संध्याकाळी त्याच्या सभा भरतात. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून मोठी माणसं बसतात. भिंतीवर बाराखडी असते. एखादा रिक्षाचालक, एखादा बँकेतून निवृत्त झालेला, एखादा सीप्झच्या कंपनीतला इंजिनियर. उठून प्रत्येकजण फक्त पहिलं नाव सांगतो आणि आपण मद्यपी असल्याचं सांगतो. आडनाव, हुद्दा, बंगला, काही नाही. मुंबईत जिथे पहिल्या भेटीत 'कुठे राहता?' या प्रश्नानं माणसाची किंमत ठरते, वेस्ट की ईस्ट, भाड्याचं की स्वतःचं, तिथे ही खोली फार वेगळी आहे. शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला जमेल तो त्यात पैसे टाकतो. बाहेरच्यांकडून देणगी घ्यायची नाही असा संघटनेचा दंडक आहे. चहा करायचा, खुर्च्या लावायच्या, झाडायचं, ही 'सेवा' आळीपाळीनं येते. ऑफिसात पन्नास माणसं हाताखाली असणाऱ्यालाही कप विसळावे लागतात. त्यात कुणाला कमीपणा द्यायचा हेतू नसतो. आपण इतरांसारखेच आहोत हे हातांनी शिकायचा तो एक साधा रस्ता आहे.

आणि तिथे कुणी जन्मभराची शपथ घेत नाही. हे नवख्याला चमत्कारिक वाटतं. आईच्या डोक्यावर हात ठेवून, देवापुढे नारळ फोडून घेतलेल्या शपथा त्यानं आधी ढीगभर मोडलेल्या असतात. इथे एवढंच सांगितलं जातं, की आजच्या दिवसापुरती पिऊ नकोस. उद्याचं उद्या. 'या जन्मात पुन्हा नाही' ही सुद्धा एक मोठी महत्त्वाकांक्षाच आहे, आणि तिचं ओझं पेलत नाही म्हणून माणूस कोसळतो. श्रावण पाळणारा तिसाव्या दिवसाकडे बघत असतो. सभेतला माणूस रात्री दहापर्यंत बघतो.

महाराष्ट्राला ही वाट अगदीच परकी नव्हती. पंढरीची वारी करणारा गळ्यात तुळशीची माळ घालतो आणि त्या दिवसापासून त्याच्या ताटातलं आणि पेल्यातलं बरंच काही कायमचं बदलतं. 'अमक्यानं माळ घातली' एवढं म्हटलं की गावाला बाकीचं कळतं. मुंबईच्या उपनगरांत गोरेगावला ८ ऑक्टोबर १९४३ रोजी नानासाहेब धर्माधिकारींनी दासबोधाच्या निरूपणाची पहिली बैठक घेतली. कोकणातून आलेल्या कितीतरी कष्टकरी कुटुंबांत 'ते बैठकीला जायला लागले' याचा अर्थ 'त्यांची दारू सुटली' असाच घेतला गेला. १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून फादर जो परेरांनी कृपा फाउंडेशन सुरू केलं. बी.के.एस. अय्यंगारांचे शिष्य असलेल्या या धर्मगुरूंनी ए.ए.च्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाला योगासनांची जोड दिली. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. गर्दच्या व्यसनावरचं अवचटांचं लिखाण वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी त्यासाठी एक लाख रुपये दिले होते. पुलंचं बालपण जोगेश्वरी-पार्ल्यातलं, तेव्हा या कामाशी उपनगरांचं तेवढं नातं आहेच. शिवाय मुंबईतल्या कितीतरी घरांतले मुलगे, नवरे तिथे राहून परत आले.

मुक्तांगणात दाखल झालेल्यांच्या पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट चालवला गेला. व्यसनाच्या गोष्टीत या बायकांकडे नेहमी नंतर बघितलं जातं, आणि ते चूक आहे. कारण गाठोडं त्यांच्याही डोक्यावर असतं. 'मी याला सुधारून दाखवीन' ही प्रतिज्ञा घेऊन बायको वर्षानुवर्षं झगडते. बाटल्या मोरीत ओतते, पगाराच्या दिवशी गेटवर उभी राहते, ऑफिसात फोन करून 'ताप आलाय' सांगते, बाबा-बुवांचे अंगारे आणते. त्याचं पिणं हेच तिच्या यशापयशाचं मोजमाप होऊन बसतं. विल्सनची पत्नी लोइस हिनं १९५१ साली घरच्यांसाठी 'अल-अनॉन' सुरू केलं, त्याच्या मुळाशी हाच शोध होता. त्याचं पिणं तुझ्यामुळे नाही, तुला ते थांबवताही येणार नाही; तुझं जेवण, तुझी झोप, तुझी नोकरी मात्र तुझ्या हातात आहे. हे ऐकल्यावर पुष्कळ बायका आधी रागावतात. मग एखाद्या रात्री नवऱ्याची वाट न बघता मुलांबरोबर जेवून घेतात आणि शांत झोपतात. अनेक घरांत बदलाची सुरुवात त्या जेवणापासून झालेली आहे. आणि मार बसत असेल, तर तिथे सोडून देण्याची भाषा चालणार नाही. आधी तिची आणि मुलांची सुरक्षितता.

दारू आणि ते गाठोडं सोडल्यावर समाधान म्हणून नेमकं काय मिळतं, याविषयी मात्र खोटी आशा दाखवू नये. सुरुवातीचे दिवस खडतर असतात. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं. काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन-तीन दिवसांनंतर भ्रम होऊन नसलेल्या गोष्टी दिसू लागतात. म्हणून हा टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पार पाडायचा असतो. त्यानंतर येतो तो बेचवपणा. मेंदूला दारूच्या उसळीची सवय लागलेली असते, त्यापुढे मुलाचं हसणं, गरम वरणभात, पहिला पाऊस, सगळं फिकं वाटतं. संध्याकाळचे सात ते नऊ सरता सरत नाहीत. याच काळात मन भरपाईचे बेत करतं : दहा वर्षं वाया गेली, आता दोन वर्षांत सगळं कमावून दाखवतो. कर्ज काढून धंदा, डबल ड्युटी, शेअर बाजार. अनुभवी मंडळी नव्या मित्राला इथेच अडवतात. पहिल्या वर्षात मोठे निर्णय नकोत, असं ते बजावतात, कारण बेत फसला की बाटली जवळच असते.

मराठीत समाधान मिळतं, वाटतं, आणि मानावंही लागतं. दारू सोडलेल्यांच्या बाबतीत हा क्रम बहुधा उलटा असतो. आधी ते मानावं लागतं, रोज, थोडं जबरदस्तीनंच. वेळेवर घरी आलो, पगार पाकिटासकट दिला, रात्रीचं जेवण आठवतंय, एवढ्याला पुरेसं म्हणायचं. काही महिन्यांनी चव परतते. बोरिवलीत राहून कान्हेरीच्या डोंगराकडे कधी न गेलेला माणूस एका सकाळी राष्ट्रीय उद्यानात चालायला जातो. मुलगा दारावरची बेल ऐकून आत पळत नाही. या गोष्टी सांगताना माणसं अडखळतात, कारण बाहेरच्याला त्यात मोठं काहीच दिसत नाही.

ही पद्धत चालते का, हे तपासून पाहिलेलं आहे. हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंट यांनी शेकडो माणसांचा कित्येक दशकं मागोवा घेतला. दारू सुटलेल्यांच्या आयुष्यात चार गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या : दारूची जागा घेणारं दुसरं काहीतरी, सतत आठवण देणारी बाहेरची देखरेख, नवी नाती, आणि श्रद्धेचा किंवा एखाद्या गटाचा आधार. इच्छाशक्तीचा पराक्रम त्या यादीत नव्हता. २०२० साली कॉक्रन या संस्थेच्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १० हजारांहून अधिक व्यक्ती तपासल्या गेल्या. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत ए.ए.च्या वाटेनं नेणारे कार्यक्रम इतर मान्य उपचारांच्या तोडीस तोड किंवा सरस ठरले.

एक आक्षेप इथे प्रामाणिकपणे घ्यायला हवा. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभरहून अधिक माणसं गेली. बहुतेक हातावर पोट असलेली. त्यांना महत्त्वाकांक्षा सोडा असं सांगणं क्रूरपणाचं होईल. त्यांच्या वाट्याला महत्त्वाकांक्षा आल्याच होत्या किती? गरिबानं आहे त्यात गोड मानावं हा उपदेश बहुतेकदा पोट भरलेल्यांच्या सोयीचा असतो. पक्कं घर, मुलीचं कॉलेज, वेळेवर मजुरी, हे मागत राहायलाच हवं, आणि शुद्धीवर असलेला माणूस ते जास्त जोरानं मागू शकतो. खाली ठेवायची आहे ती 'मी कुणीतरी आहे हे जगानं आजच मान्य करावं' ही मागणी. ती झोपडीतही असते आणि मुलुंडच्या चाळिसाव्या मजल्यावरही. बारा पायऱ्यांमध्येही जबाबदारी टाळायला जागा नाही. ज्यांना दुखावलं त्यांची यादी करायची आणि जमेल तशी भरपाई करायची, असं त्यातल्या दोन पायऱ्या सांगतात. वाण्याची उधारी, मित्राचे बुडवलेले पैसे, सगळं त्यात आलं.

विल्सननं जानेवारी १९५८ मध्ये आपल्या संघटनेच्या मासिकात एक लेख लिहिला. दारू सुटून त्याला तेवीस वर्षं झाली होती, जगभर नाव पोचलं होतं, आणि मधली कित्येक वर्षं तो खोल नैराश्यात होता. कारण शोधताना त्याला सापडलं, की प्रतिष्ठेसाठी आणि सुरक्षिततेसाठी तो अजून माणसांवर आणि परिस्थितीवर संपूर्णपणे विसंबून होता. ती मनासारखी वागली नाहीत की कोसळत होता. दारू सुटणं पहिली पायरी, भावनांचं व्यसन सुटणं पुढची, असं त्याचं म्हणणं. तेवीस वर्षांनी हे उघडपणे लिहिणं हे त्या माणसाचं सगळ्यात मोठं काम मानायला हवं. आपण पोचलो असं तो म्हणाला नाही.

केंद्र सरकारच्या २०१९च्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे २ कोटी ९० लाख माणसं दारूवर पूर्णपणे अवलंबून आहेत. त्यांतल्या अडतीसजणांमागे एकालाच कुठल्या ना कुठल्या प्रकारची मदत मिळालेली होती. उरलेल्या सदतीसांतला एखादा आपल्या घरात, शेजारी किंवा रोजच्या लोकलच्या डब्यात असू शकतो. त्याला पुढच्या श्रावणाची वाट बघायला लावू नका. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक १४४४६ आहे, मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसचा १४४१६. तो फोन करायला तयार नसेल, तर त्याच्या घरच्यांनी स्वतःसाठी करावा. आणि आजच करावा.